कापू नका, ती बोलून राह्यली

समोरच्याचं बोलणं अर्ध्यावर असतानाच आपल्याला उत्तर सुचलं आणि आपण तोंड उघडलं, की ताईंचा हात वर यायचा. वाहतूक पोलिसाचा उभा हात नव्हे. झोपलेल्या लेकराला जाग येऊ नये म्हणून बायका करतात तसा, तळवा जमिनीकडे असलेला. डोळे मिटलेले.

"पुरं आयकून घ्या सर. मंग बोला."

हे त्या मला म्हणायच्या. मी यवतमाळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात संगणक विभागाचा प्राध्यापक आणि ताई त्याच विभागात प्रयोगशाळा परिचर, म्हणजे कुलूप उघडणं, धूळ पुसणं, पोरांच्या चपला रांगेत लावायला लावणं. तरी तो हात वर आला की मी गप्प बसायचो. घरी बायको पंचवीस वर्षं हेच सांगते आहे, पण त्याचा काही उपयोग झालेला नाही. "तिथं बरं ऐकता!" म्हणते. तिथं हात दिसतो, असं मी तिला सांगतो, आणि तेही तिचं वाक्य संपायच्या आत.

अशी माणसं तुमच्याही कचेरीत असतील. पगारपत्रकात शेवटच्या पानावर, पण साहेब रजेवर गेले तर काही अडत नाही आणि ही रजेवर गेली की सगळं अडतं. ताई सकाळी प्रयोगशाळेत शिरल्या की बटणं चालू करून दाराशीच उभ्या राहायच्या. दोन मिनिटं. मग म्हणायच्या, "तिसऱ्या रांगेतलं आज कन्हून राह्यलं." उघडून पाहावं तर पंख्यात धुळीचा गोळा. मी त्या यंत्रांवर वीस वर्षं शिकवलं. त्यातलं एकही माझ्याशी कधी कण्हलं नाही.

ताई मारेगाव रोडवरच्या एका तांड्यातल्या. रोज एसटीनं यायच्या. घरी तांड्याची गोर बोली, बाहेर वऱ्हाडी, विभागप्रमुखांशी हिंदी, आणि बिघडलेल्या प्रिंटरशी या तिन्ही. त्यांच्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख तुडवला होता. आता शेती होती, कापूस होता, तूर होती. "पाय थांबले सर," त्या म्हणायच्या, "तोंड नाही थांबलं."

आता माझ्या संशोधनाविषयी. आमच्याकडे पुढची पायरी चढायची तर शोधनिबंध लागतो. माझा एक होता, जत्रेत काढलेल्या फोटोसारखा. दाखवायला बरा, बघायला नको. दुसरा सहा वर्षं चालू होता. बायको म्हणायची, "तुमचा निबंध अन् आपल्या अंगणातलं लिंबाचं झाड. पानं पाहिजे तितकी, फळ काही धरत नाही."

त्या वर्षी माझ्या दोन विद्यार्थिनींनी एक परिषद शोधून काढली. परदेशातली, कृत्रिम बुद्धिमत्तेवरची, आणि तिच्यात एक विभाग खास अशा भाषांसाठी, ज्या यंत्राला अजून येत नाहीत. निबंध वेबसाइटवरून पाठवायचा, जगभरचे परीक्षक तो वाचणार. आम्ही प्रयोगशाळेत यावर चर्चा करत होतो आणि ताई फळा पुसत होत्या.

"सर, हे मोबाइलमधलं जे आयकून लिवते, त्याले आमची गोर बोली येते का?"

"नाही येत ताई."

"मंग शिकवा न त्याले. कायले बसले?"

सहा वर्षांत मला विषय सुचला नव्हता. फळा पुसून व्हायच्या आत मिळाला.

दिवाळीनंतर आम्ही तांड्यावर गेलो. रेकॉर्डर, दोन मुली, आणि मी लिहून नेलेली पन्नास वाक्यं. कडुलिंबाखाली दहाबारा म्हाताऱ्या जमल्या होत्या. त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या बाईला सगळे नुसतं याडी म्हणायचे, म्हणजे आई. मी याडीला पहिलं वाक्य दिलं, "आज आकाश स्वच्छ आहे" हे तुमच्या बोलीत म्हणा. तिनं वर पाहिलं, मग माझ्याकडे, मग ताईंकडे पाहून काहीतरी बोलली. सगळ्या हसल्या.

"काय म्हणाल्या?"

"त्या म्हनतात, याले दिसत नाही का?"

पन्नास वाक्यांचा कागद मी खिशात घातला. ताईंनी रेकॉर्डर घेतला आणि सुपात, सगळ्यांना दिसेल असा मधोमध ठेवला. "हे आयकून राह्यलं," त्यांनी सांगितलं. "जिले नको तिनं आताच उठा." कोणी उठलं नाही. याडीनं फक्त विचारलं, आमची नावं कुठं येतील का? घरातलं बोलणं असतं, सुनांचं असतं, भावकीचं असतं.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी परिषदेचे नियम आदल्या दिवशीच वाचले होते. निबंधावर कोणाचंही नाव नको, गावाचं नको, कॉलेजचंसुद्धा नको, असं त्यात स्पष्ट होतं. मी छातीठोक सांगितलं, "कोणाचंच नाव येणार नाही."

"सरचं बी नाही?" याडी.

"माझंही नाही."

ताईंनी ते गोर बोलीत सगळ्यांना दोनदा सांगितलं. आपला शब्द म्हणून सांगितलं. नियमाच्या दुसऱ्या परिच्छेदात "निकाल लागेपर्यंत" असे दोन शब्द होते. तो परिच्छेद मी वाचला नव्हता. पहिल्यातच उत्तर मिळालं होतं ना.

मग बोलणं सुरू झालं आणि दुपार कशी गेली कळलं नाही. उन्हं कलताना याडीची धाकटी बहीण आली, मुकुटबनकडून, दोन वर्षांनी. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि सुरात रडू लागल्या. एकीचा सूर खाली आला की दुसरीचा वर. आमच्या मुली कावऱ्याबावऱ्या झाल्या. मी रेकॉर्डर बंद करायला वाकलो आणि तो तळवा पुढे आला. मी परत बसलो.

खरी गोष्ट पुढे प्रयोगशाळेत घडली. यंत्राला शिकवायचं म्हणजे आधी प्रत्येक वाक्य ऐकून लिहून द्यावं लागतं, आणि खोकला, हसणं, रडणं, रस्त्यावरचा ट्रक हे सगळं "गोंगाट" अशी खूण करून कापायचं, अशी जगभर रीत आहे. मुलींनी रीतीप्रमाणे कापलं. ताई टेबल पुसत मागून आल्या. पडद्यावर तो लांबलचक तुकडा तांबडा झालेला.

"हे काहून तांबडं केलं?"

"ताई, ते रडणं आहे. कापतोय."

"कापू नका, ती बोलून राह्यली." ताईंनी फडकं खांद्यावर टाकलं. "याले ढावलो म्हनतात. पोरगी सासरी निघते तवा म्हनते, लय दिवसांनी बहिनी भेटल्या तवा म्हनतात. पुरं आयकलं का तुमी? तिच्या भावानं बैलजोडी इकली. सून पोळ्यापासून माहेरी जाऊन बसली. बोअरले पानी लागलं, पन खारं. दोन वर्साची खबर हाय त्यात, अन् तुमी त्याले ट्रकसोबत टाकून राह्यले!"

मुली माझ्याकडे बघायला लागल्या. मी चष्मा पुसायला घेतला. मला काही कळत नाही तेव्हा मी चष्मा पुसतो.

ताई खुर्चीवर बसल्या. त्या खोलीत बावीस वर्षं त्या वावरल्या होत्या, पण खुर्चीवर बसलेलं मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. डोक्यावरच्या पदरावरूनच हेडफोन लावला, डोळे मिटले, आणि जुन्या जर्नलच्या कोऱ्या बाजूंवर गोल गोल अक्षरात लिहायला लागल्या. रोज दुपारी काम आटोपलं की दोन तास, शेवटच्या एसटीच्या आधी. तो आणि पुढच्या फेऱ्यांत मिळालेले, सगळे ढावलो. दीड महिन्यात आमचा निबंध पुरता फिरला. गोर बोली ओळखणारं यंत्र हा विषय मागे पडला आणि यंत्र ज्याला रडणं समजून टाकून देतं त्यात किती बोलणं असतं, हे पुढे आलं. निबंध कुठे एकदम जिवंत झाला, असं कोणी विचारलं तर मी त्या खुर्चीकडे बोट दाखवीन.

जानेवारीत निबंध पाठवायचा दिवस आला. या परिषदांची मुदत मोठी मजेशीर. पृथ्वीवर जिथं दिवस सगळ्यात शेवटी संपतो तिथल्या घड्याळानं मध्यरात्र, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सायंकाळचे साडेपाच. मी ताईंना हे समजावलं.

"म्हंजे आपल्या शेवटच्या गाडीसारखं," ताई म्हणाल्या. "लांबून पयत येनारा दिसला तं कंडक्टर घंटी मारत नाही."

त्यांनी छापलेला निबंध हातात घेऊन उलटसुलट पाहिला. नावांच्या जागी कोरं. तांड्याच्या जागी "मध्य भारतातील एक वस्ती".

"सर, हे तं आडनाव न सांगता पोरीचा फोटो पाठवल्यासारखं झालं."

"परीक्षकांनी नाव बघून मार्क देऊ नयेत म्हणून."

"मंग बरं हाय. आमच्या सोयरिकीत बी असंच पाह्यजे होतं."

पाच वाजून दहा मिनिटांनी वीज गेली. ताई तशाच वरच्या मजल्यावर गेल्या, ऑफिसातल्या इन्व्हर्टरची तार खिडकीतून खाली सोडली, आणि विभागप्रमुखांचा पंखा बंद पडल्याचं त्यांना सांगायलाही स्वतःच थांबल्या. खाली माझ्यापुढे शेवटचा फॉर्म उघडला होता. लेखकांची नावं भरा. हा फॉर्म परीक्षकांना दिसत नाही, यानंतर नाव वाढवता येत नाही, असं वर लिहिलेलं. घड्याळात पाच सतरा. मी माझं नाव भरलं, दोघी मुलींची भरली, आणि विभागप्रमुखांचं भरलं. आमच्याकडे ती रीतच आहे. लग्नपत्रिकेत गावच्या पाटलाचं नाव असतं तसं, विभागातून काहीही बाहेर गेलं की त्यांचं नाव त्यात असतं. हाताला इतकी सवय की त्यांचा ईमेल मला पाठ आहे.

ताईंचं नाव माझ्या मनात आलं आणि मी ते टाळलं, असं झालं असतं तर निदान मी लबाड तरी ठरलो असतो. ते मनात आलंच नाही.

पाच चोवीसला निबंध गेला. ताई खाली आल्या, पिशवीतून उकडलेल्या तुरीच्या शेंगा काढल्या, आणि आम्ही चौघांनी कीबोर्डांमध्ये साली पाडत खाल्ल्या.

एप्रिलमध्ये निकाल आला. निबंध स्वीकारला होता. एका परीक्षकानं लिहिलं होतं की लेखकांनी ज्या धीरानं ऐकलं तो धीर दुर्मीळ आहे. मी हे वाक्य बायकोला वाचून दाखवलं. ती इतकं हसली की पोळी तव्यावर करपली.

कॉलेजनं फाटकावर फ्लेक्स लावला. चार नावं, चार फोटो. माझा फोटो दहा वर्षांपूर्वीचा, केस असतानाचा. विभागप्रमुख मधोमध. मी सकाळी स्कूटर जरा हळूच आत घेतली, फ्लेक्स दिसेल अशी. पाहतो तर ताई त्याच्यासमोर उभ्या. पिशवी दोन्ही हातात धरलेली. पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत त्यांनी तो सावकाश वाचला. मग आत येऊन कुलूप उघडलं, बटणं चालू केली. त्या दिवशी दाराशी थांबल्या नाहीत.

मला तरीही कळलं नाही. कळवलं ते बायकोनं. संध्याकाळी ती फाटकावरून आली होती.

"त्या ताईंचं नाव कुठाय?"

"अगं, ते लेखकांचे..."

"विभागप्रमुखांनी काय लिहिलं त्यात?"

"प्रोत्साहन दिलं त्यांनी."

"पंखा बंद झाला तेव्हा ओरडले, ते?"

मी त्याच वेळी परिषदेला पत्र लिहिलं. तीन दिवसांनी अतिशय सभ्य, दोन ओळींचं उत्तर आलं. निबंध दाखल झाल्यावर लेखक वाढवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी ताईंसमोर उभा राहिलो. चष्मा आधीच पुसून घेतला होता.

"ताई, तुमचं नाव राहून गेलं. माझी चूक आहे. आता घालता येत नाही म्हणतात."

ताईंनी हातातला कीबोर्ड पुसून जागेवर ठेवला. मग म्हणाल्या, "माह्या नावाचं नाही सर. मी काय मागतलं होतं का? तुमी म्हनलं, कोनाचंच नाव येनार नाही, सरचं बी नाही. ते मी तिथं माह्या तोंडानं सांगतलं. आता त्या मले पुसतीन, काहो, मास्तरचं तं आलं. मी त्याईले काय सांगू? मले त्याच लिंबाखाली बसाचं हाय."

"मी निबंध मागे घेतो."

"मागं कायले घेता? मंग ढावलो पुन्हा तांबडा होईन न." त्यांनी फडकं झटकलं. "आइतवारी तांड्यावर या. तुमीच सांगा."

रविवारी गेलो. त्याच म्हाताऱ्या, त्याच लिंबाखाली, उन्हाळ्याचे पापड लाटत बसलेल्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. दुसरा परिच्छेद वाचला नाही, नाव आमचंच आलं, ताईंचं नाही, त्यांनी तुम्हाला खोटं सांगितलं नव्हतं, खोटा मी पडलो. माझ्या डावीकडे उभ्या राहून ताई गोर बोलीत ते सांगत गेल्या आणि मला माझ्याच वाक्यांचा सूर ऐकू येत राहिला. माझ्या बोलण्यापेक्षा तो बरा होता. त्यांनी काहीही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही.

याडी पापड पुरता लाटून झाल्यावर बोलली.

"त्या म्हनतात," ताईंनी सांगितलं, "मास्तर मोठा हाय, कान लहान हाय."

"बरोबर आहे."

"अन् म्हनतात, तुमचं आलं तं आमचं बी टाका. सगळ्याईचं. नाही तं कोनाचंच नको. ते सुनेचं होतं म्हनून लाज होती. सून आली मांगच्या महिन्यात. आता कायची लाज!"

परत येताना मला इतकं हलकं वाटत होतं की स्कूटर रिझर्व्हला लागल्याचंही समजलं नाही. दोन किलोमीटर ढकलली.

निबंधाच्या शेवटी आभार मानायला जागा असते आणि तिथं कितीही लिहिलं तरी चालतं. मी सगळ्या बायांची नावं लिहिली, वर ताईंचं. निबंधातला मुख्य विचार यांचा आहे, असं स्वच्छ वाक्य लिहिलं. ताईंनी ते वाचून वाक्य तसंच ठेवायला सांगितलं, पण नावांचा क्रम बदलला. आधी याडी, मग नात्यानं आणि वयानं एकेक, आणि स्वतःचं सगळ्यात खाली. "त्या बोलल्या. मी तं लिवलं फक्त."

मेअखेर ताई निवृत्त झाल्या. ऑगस्टमध्ये परिषद झाली ती मी प्रयोगशाळेतूनच पडद्यावर सादर केली. ताई मुद्दाम एसटीनं आल्या आणि कॅमेऱ्यात दिसणार नाहीत अशा कोपऱ्यात बसल्या. शेवटी कुठल्याशा देशातल्या एका बाईनं विचारलं, नुसतं रडणं आणि ढावलो हे तुम्ही ओळखता कसं? मी तोंड उघडलं, मिटलं, आणि लॅपटॉप ताईंकडे फिरवला.

ताईंनी पदर सारखा केला. "त्याईले सांगा, रडनारी श्वास घ्याले थांबते. सांगनारी थांबत नाही, वळते." मी भाषांतर केलं. ती बाई ते लिहून घेत होती. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत मी सांगितलेलं कोणी पहिल्यांदाच लिहून घेतलं, आणि ते माझं नव्हतं.

"छापून आलं का मी नेतो तांड्यावर," जाताना त्या म्हणाल्या. "नावं वाचून दाखवाचे हाय त्याईले."

सप्टेंबरात ताप आला, आठ दिवसांत ताई गेल्या. मला निरोप मिळाला तो तिसऱ्या दिवशी.

निबंध छापून आला तेव्हा कापूस फुटला होता. मी एक प्रत घेतली, शेवटचं पान मोठ्या अक्षरात छापून घेतलं, आणि तांड्यावर गेलो. बाया वेचणीहून आल्या होत्या. लिंबाखाली बसल्या. मी उभं राहून नावं वाचायला लागलो. माझी हजेरी घ्यायची सवय. एकेक नाव आलं की तिकडून "हाव" यायचं, कोणी लाजून, कोणी खणखणीत, एकीनं तर हातही वर केला. वाचताना मला वाटत होतं की हे नीट चाललंय. मग शेवटचं नाव आलं.

मी ते वाचलं. "हाव" कोणी म्हणालं नाही.

पान घडी करावं की काय करावं, मला सुचेना. याडी उठली, माझ्याजवळ आली, पानावरच्या शेवटच्या ओळीवर हात ठेवला आणि सूर लावला. तिच्या बहिणीनं तो उचलला. मग बाकीच्यांनी. रेकॉर्डर स्कूटरच्या डिकीत होता. मी आणायला गेलो नाही. उभा राहिलो, ऐकत राहिलो. श्वासासाठी कोणी थांबत नव्हतं. सूर वळत होता.

खबर चालली होती, एवढं मला कळत होतं. मधूनच ताईंचं नाव, मग एकदा "एसटी", एकदा "कॉलेज", आणि एकदा स्पष्ट "सर". त्या "सर"च्या पुढे बरंच काही होतं. चांगलं होतं की वाईट, मला सांगता येणार नाही. मी सवयीनं डावीकडे वळलो, काय म्हणाल्या म्हणून विचारायला.